जानेवारी येऊ दे

क्षमा करणाऱ्या माणसांचं मला फारसं कौतुक नाही. ती क्षमा करून मोकळी होतात, अपराध करणारा सुटतो, आणि मधल्यामध्ये आपल्यासारखे बघे नुसते चडफडत राहतात. अनसूयाबायनं माझ्या माहितीत कुणालाही कधी क्षमा केली नाही. अनसूया म्हणजे जिच्या मनात असूया नाही ती, असं मराठीच्या वर्गात आम्हांला शिकवलं होतं. बारशाला हे नाव सुचवणाऱ्यानं पाळण्यात नीट वाकून पाहिलं नसावं.

ती आणि मी समुद्रापारच्या आमच्या उसाच्या बेटावर, रोझ हिल गावाजवळच्या एका स्वेटरच्या कारखान्यात एकाच खोलीत काम करायचो. माझं काम नक्षी काढायचं. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून मी हरणं, बर्फाची नक्षत्रं आणि नाताळची झाडं काढत असे. बर्फ आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता, हरणं मात्र मी डोंगरातली पाहिली होती. अनसूयाबाय माझे कागद कॉम्प्युटरवर चढवायची. ऐंशीचं दशक तेव्हा मध्यावर आलं होतं, बेटावर जिकडेतिकडे विणकामाचे कारखाने उघडत होते, आणि आमच्या कारखान्याच्या दिरेक्तेरनं, म्हणजे बड्या साहेबानं, मोठ्या हौसेनं हा कॉम्प्युटर आणवला होता.

अनसूयाबाय चाळिशीची, उंचीनं बेताची, खांद्यांनी रुंद. लग्न केलेलं नव्हतं. "एकदा बघायला आल्यालं, त्यानं चहाला नाव ठेवलं," एवढंच कारण ती सांगे. मूळची कांप दे मास्क गावची. बाप उसाच्या मळ्यात राबायचा आणि घरामागं वांगी लावायचा. पण ही हुशार निघाली. सत्तरच्या सुमारास शिष्यवृत्ती मिळवून पुण्याला गेली, रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सचं शिकून आली. तिथून तिनं आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे पुण्याची मराठी. ही मराठी ती रोज वापरत नसे. खुशीत असली की ती आमच्यासारखीच बोले, निम्मं गावाकडचं, निम्मं क्रेओल, म्हणजे बेटावरची फ्रेंच वळणाची बोली. राग आला की तिच्या तोंडून 'आपण', 'कृपया' आणि 'क्षमस्व' बाहेर पडू लागे. कारखान्यातल्या मराठी माणसांना हे ठाऊक झालं होतं. अनसूयाबायनं एखाद्याला 'आपण' म्हटलं की बाकीचे आपापल्या कामाला लागत.

कुठल्याही यंत्राला ती आधी हाताची उलटी बाजू लावून बघे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. तळहात लावणाऱ्याला ती हसायची. म्हणायची, "तळहात खोटारडा. त्याला घट्टे पडल्यात. हाताची पाठ खरं बोलते." यंत्रं तिच्याशी खरं बोलत असावीत. माणसांवर तिचा विश्वास कमी होता, आणि तो का कमी होता याच्या गोष्टी गावभर होत्या.

त्यातली एक गणपतीतली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी केव्हातरी गावच्या गणपतीचा भोंगा बंद पडला. अनसूयाबायनं तो उघडून दुरुस्त केला. संध्याकाळी मंडपात अध्यक्षांनी माईक हातात घेऊन, "बायांनी भोंग्याला हात लावू नये, शॉक बसंल," असं सगळ्यांदेखत सांगितलं. पुढच्या वर्षी भोंगा अगदी ठणठणीत होता. आरती मंडपाबाहेर उसापर्यंत ऐकू जाई, भजन ऐकू जाई, पोरांचं झाकरी नाचाचं गाणं ऐकू जाई. अध्यक्ष बोलायला उभे राहिले की मात्र आतून डास बोलल्यासारखा आवाज येई. हे सगळे दिवस चाललं. शेवटी अध्यक्षांनी भर मंडपात, "अनसूयाबाय, जरा हात लाव बाय," असं म्हटलं, तेव्हा ती उठली, मागं जाऊन भोंग्याला हात लावल्यासारखं केलं, येताना त्यांचा माईकचा हात तोंडाशी सरकवला, आणि क्षणात त्यांचा आवाज घुमला. मी हे नंतर तिला विचारलं, तर म्हणाली, "मी काय नाय केलं. तो माईक तोंडापासून लांब धरायचा. मला ठावं व्हतं, मी सांगितलं नाय." ही तिची रीत नीट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती कुणाचं काही बिघडवत नसे. ती फक्त सांगत नसे.

एका बस कंडक्टरनं तिला एकदा पावसात स्टॉपवर सोडून बस पुढं नेली होती. त्यानंतर त्याची बस आली की ही हात न करता उभी राही आणि मागची बस घेई. कंडक्टर बिचारा पुढं पुढं दारातून स्वतः हाक मारायचा, "मादाम, चला!" ती डोंगराकडे बघत उभी राहायची. मला उशीर होत असे, पण तिच्याबरोबर उभं राहण्यात एक मजा होती हे खरं.

आता कॉम्प्युटरचं सांगते. तो आला तेव्हा सगळे आरती ओवाळल्यासारखे त्याच्याभोवती उभे राहिले, पण यंत्र होतं मंद. फ्रान्सहून, इंग्लंडहून खरेदीदार यायचे. त्यांना नक्षीतला एखादा रंग बदलून दाखवायचा म्हटलं की पडद्यावरचं चित्र वरून खाली ओळीओळीनं पुन्हा उमटायचं. आधी हरणाची शिंगं दिसायची, मग चहा यायचा, मग केव्हातरी हरणाचे पाय. खरेदीदार तोवर घड्याळ बघू लागायचा. दिरेक्तेरनं एकदा वैतागून सांगितलं, की हे यंत्र जो धावतं करील त्याला मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख करीन. हे तो अनसूयाबायकडे बघून बोलला होता. मी तिथंच होते.

तिनं ते धावतं केलं. कॉम्प्युटरच्या पोटात पत्र्याच्या छोट्या डबीत एक स्फटिक असतो, तो ठोके देतो आणि त्या ठोक्यांवर मुख्य चिप काम करते, असं तिनं मला सांगितलं. तो स्फटिक काढून तिनं जास्त जलद ठोक्यांचा दुसरा बसवला. चिप धावू लागली खरी, पण धावणाऱ्याला घाम येणारच. तासाभरात चिप इतकी तापली की चित्र अर्ध्यावर गोठलं. मग तिनं एका जळलेल्या अँप्लिफायरची अॅल्युमिनियमची पाती पाती असलेली ठोकळी काढून चिपवर बसवली. पात्यांमधून वारा गेला की उष्णता जाते. राहिला प्रश्न पंख्याचा.

पंखे दोन मिळाले. एक मोठा, पातळ पात्यांचा, टेबलावर लावला तर माझे नक्षीचे कागद उडवून देणारा. दुसरा लहान, जाडजूड, दाट पात्यांचा, सुरू केला की कण्हल्यासारखा आवाज करणारा. स्टोअरकीपरनं, सुपरवायझरनं आणि मी, आम्ही तिघांनीही मोठ्यापुढं हात धरून तोच निवडला. त्याच्या खोक्यावर वाऱ्याचा आकडाही मोठा होता. अनसूयाबायनं आमच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. खोलीतल्या गणपतीच्या तसबिरीपुढची उदबत्ती तिनं उचलली आणि मोठा पंखा पात्यांच्या ठोकळीवर ठेवून धूर सोडला. धूर पात्यांपर्यंत गेला, अडखळला आणि बाजूनं वर येऊन आमच्याच तोंडावर आला. मग लहान पंखा ठेवला. धूर पात्यांमध्ये घुसला आणि पलीकडून बाहेर पडला.

"मोकळ्या रानात पळनारा बैल येगळा, आनि चिखलातनं उसाची गाडी वढनारा येगळा," ती म्हणाली. "खोक्यावरचा आकडा मोकळ्या रानातला हाय. हितं चिखल हाय."

एवढ्यावर ती थांबली नाही. आत घेतलेला वारा बाहेर कुठून जाणार, हे तिला वारा आत घेण्यापेक्षा महत्त्वाचं वाटे. सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, आलं की तिचा बाप वाऱ्याच्या बाजूची सगळी दारं खिळे मारून बंद करायचा आणि उलट्या बाजूची एक खिडकी फटीएवढी उघडी ठेवायचा. शेजारी त्याला वेडा म्हणायचे. तिनं मला एका दुपारी सांगितलं, "वारा घरात घुसला तर त्याला जायाला वाट पायजे. नायतर तो छप्पर घेऊन जातो." कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला वारा बाहेर फेकणारा एक पंखा मुळातच होता. दोऱ्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिनं चिपपासून त्या पंख्यापर्यंत एक बोगदा केला. गरम वारा त्यातून सरळ बाहेर जाई. डबा बंद करून तिनं मागं हाताची पाठ धरली आणि म्हणाली, "फिनी. झालं." त्या दिवशी हरणाची शिंगं आणि पाय एकदमच उमटले. मी टाळ्या वाजवल्या.

वासुदेव हे सगळं शेजारी उभा राहून बघत होता. वासुदेव म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा, राधाबायचा, एकुलता एक मुलगा. पंचविशीचा, गोरागोमटा, फ्रेंच अस्खलित. त्याला कारखान्यात अनसूयाबायनंच चिकटवलं होतं, कॉम्प्युटर तिनंच शिकवला होता. दुपारी तो तिच्याच डब्यातलं जेवायचा आणि वांग्याची भाजी तिखट झाली म्हणून कुरकुरायचा. तिला दुसरं भाचरू नव्हतं. त्याची कुरकुर ती ऐकून घेई, हे आम्हांला नवल वाटे.

महिन्याभरानं मोठा खरेदीदार आला. दिरेक्तेर त्याला आमच्या खोलीत घेऊन आला. वासुदेव पडद्यापुढं बसला होता, मी कागद धरून उभी होते, अनसूयाबाय मागं कीबोर्डवरची धूळ झाडायचा ब्रश हातात घेऊन. हरणाचा रंग लाल केला, चित्र झर्रकन उमटलं. खरेदीदार खूश झाला. हे कुणी केलं, असं दिरेक्तेरनं विचारलं. वासुदेव फ्रेंचमध्ये म्हणाला, "मी केलं."

दिरेक्तेरची नजर अनसूयाबायकडे गेली. "आणि या बाई?"

"त्या यंत्र साफ ठेवतात."

"तुमच्या नात्यातल्या ना? कुणीतरी म्हणालं होतं."

"नाही, मस्यो. आमच्या गावच्या आहेत."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तो एवढं सहज बोलला की क्षणभर मलाच वाटलं माझी काही चूक होतेय. अनसूयाबायच्या हातातला ब्रश तसाच राहिला. फ्रेंच तिला त्याच्याहून चांगलं समजत होतं. पुढच्या आठवड्यात वासुदेव विभागाचा प्रमुख झाला. दिरेक्तेरला आपण कुणाकडे बघून शब्द दिला होता याची आठवणही राहिली नव्हती. पेढ्यांऐवजी वासुदेवनं केक वाटला. अनसूयाबायनं तुकडा घेतला आणि म्हणाली, "अभिनंदन. आपल्या हाताखाली काम करण्याची संधी मिळाली, हे मी माझं भाग्य समजते."

तो हसला. मी माझा केक खाली ठेवला.

पुढचं सगळं त्यानं स्वतःच्या हातानं केलं. त्या लहान पंख्याला कारखान्यात सगळे 'अनसूयाबायचा व्हांतिलातेर' म्हणत. शिपाईसुद्धा म्हणे. हे वासुदेवला खुपत असणार. शिवाय पुठ्ठा दिसायला वाईट, खरेदीदारानं डबा उघडलेला पाहिला तर काय म्हणेल, असं तो म्हणाला. जून महिना होता, आमच्याकडचा हिवाळा. त्यानं लहान पंखा काढला, पुठ्ठ्याचा बोगदा फाडून फेकला, आणि स्टोअरमधला तो मोठा पंखा बसवला. वर तळहात धरून आम्हांला म्हणाला, "बघा किती वारा!" वारा भरपूर होता. थंडीचे दिवस, खोली गार, यंत्र बिनतक्रार चालू लागलं. आवाजही कमी झाला होता. सुपरवायझर म्हणाला, पोरगं हुशार आहे.

कचऱ्याच्या टोपलीतून अनसूयाबायनं तिचा पंखा उचलला, पुसला आणि स्वतःच्या खणात ठेवला.

मी न राहवून विचारलं, "हे चालेल का गं?"

"आत्ता चालंल," ती म्हणाली. "जानेवारी येऊ दे."

तेव्हा मला कळलं की ती आमच्याकडच्या भर उन्हाळ्याची वाट बघतेय. मला मजा वाटली, हे मी लपवणार नाही. तरी विचारलंच, की तू काही बिघडवणार तर नाहीस ना? तिनं कानाला हात लावला. "बिघडवनं पाप हाय. न सांगनं पाप नाय." शास्त्रात असं काही आहे की नाही मला माहीत नाही. तिच्या शास्त्रात होतं.

हिवाळा सरला. ऊस तुटला, रानं बोडकी झाली, ऑक्टोबरात ऊन चढू लागलं तशी यंत्राची चाल बिघडू लागली. दुपारी चित्र मध्येच अडकायचं. एकदा हरणाला दोन डोकी आली, एकदा झाडाच्या जागी नुसती पट्ट्यांची रांग. वासुदेवनं तारा बदलल्या, डिस्का बदलल्या, विजेच्या लोकांशी भांडण काढलं. दिवाळीला त्यानं कॉम्प्युटरची पूजा केली, नारळ फोडला. अनसूयाबायनं मन लावून पूजेची तयारी केली आणि प्रसाद सगळ्यांना वाटला. एका दुपारी तो तिच्या टेबलाशी येऊन, इकडंतिकडं बघून, दबक्या आवाजात म्हणाला, "मिस, तुम्ही काही हात लावलात का याला?"

"मी?" ती म्हणाली. "मी केवळ धूळ पुसते. आपणच तसं सांगितलं होतंत."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पंख्याबद्दल विचारणं त्याला त्या घडीला सोपं होतं. त्यानं विचारलं नाही.

डिसेंबरात एका रविवारी मी वांगी आणायला कांप दे मास्कला तिच्या घरी गेले होते, तेव्हा राधाबाय आली. घरच्या रताळ्याचे गातो, म्हणजे गोड करंजीसारखा प्रकार, तळून डबा भरून आणला होता. डबा टेबलावर ठेवून ती उभीच राहिली.

"अनसू, मोठा गिऱ्हाईक यतोय जानेवारीत. दिरेक्तेर म्हनतो, या खेपंला मशीन अडली तर बघा. पोरगं जेवत नाय. तुला ठावं हाय काय झालंय. सांग त्याला."

"त्यानं इचारलं?"

"पोरगं हाय ते."

"दिरेक्तेरम्होरं बोलताना मोठं व्हतं."

"तुझ्या पाया पडते मी."

"तू नको पडू. तू काय बोलली नायस." अनसूयाबाय वांगी निवडत होती, तिनं मान वर केली नाही. "त्याला सांग, ज्या मानसाम्होरं बोलला त्याच मानसाम्होरं उलटून बोल. ही माझी मावशी. हे काम तिचं. दोन वाक्यं. मग मी पंखा माझ्या हातानं बसवून दीन, जलमभर बसवीन."

"त्याची नोकरी जाईल, अनसू!"

"आनि माझं काय गेलं?"

राधाबाय रडू लागली. रडता रडता म्हणाली, की तुझ्या पोटी पोर नाही म्हणून तुझं काळीज असं आहे. हे ती बोलायला नको होती. अनसूयाबायनं हातातलं वांगं बाजूला ठेवलं. "आपण आता यावं," ती बहिणीला म्हणाली. सख्ख्या बहिणीला. राधाबाय पदर तोंडाला लावून गेली. गातोंचा डबा तिथंच राहिला. अनसूयाबायनं तो माझ्याकडे सरकवला. मी खाल्ले. चांगले झाले होते.

निरोप त्याला पोचला, हे मला माहीत आहे, कारण दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या नजरेला नजर देईना. दोन वाक्यं बोलायला त्याच्याकडे अख्खा महिना होता.

जानेवारी आला. सिक्लोन बेटाच्या अंगावरून न येता लांबून वळून गेलं होतं, आणि असं झालं की मागं जी हवा उरते ती किती वाईट असते हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. पान हलत नव्हतं. खरेदीदार, त्याची बायको, दिरेक्तेर, सुपरवायझर, सगळे खोलीत दाटीनं उभे. वासुदेवनं नवा टाय लावला होता. हरीण उमटू लागलं आणि मानेपाशी थांबलं. त्यानं यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. या खेपेला शिंगांपाशीच थांबलं. तिसऱ्यांदा काहीच आलं नाही. खरेदीदाराच्या बायकोनं रुमालानं वारा घेतला. दिरेक्तेरनं आवाज न चढवता विचारलं, "हे काय आहे?"

वासुदेवनं मागं पाहिलं. अनसूयाबाय खुर्चीत बसली होती, हात मांडीवर. मी त्याच्याकडे बघत होते. बोल, असं माझ्या मनात आलं, आणि लगेच, नको बोलू, असंही आलं. त्याचे ओठ हलले.

"यंत्र जुनं झालंय, मस्यो," तो म्हणाला.

मग ती उठली. खणातून लहान पंखा काढला आणि नव्या पुठ्ठ्याचा बोगदाही काढला. तो तिनं केव्हाच कापून ठेवला होता. यंत्र चालू ठेवूनच डब्याचं झाकण उतरवलं, गणपतीपुढची उदबत्ती घेतली आणि मोठ्या पंख्यापाशी धूर सोडला. धूर गरगर फिरून तिथंच घुटमळला आणि दिरेक्तेरच्या नाकात गेला. "गेते," ती म्हणाली, बघा. ती क्रेओलमध्ये बोलत होती, अगदी सावकाश, दारातल्या शिपायालाही कळावं अशा बेतानं. वारा किती आहे ते बघू नका, तो कुठं जातोय ते बघा, असं तिनं सांगितलं. यंत्र बंद केलं, पंखा बदलला, बोगदा बसवला, पाहुण्यांचा चहा व्हायच्या आत यंत्र पुन्हा सुरू झालं. हरीण आलं, शिंगांपासून खुरांपर्यंत. लाल केलं, निळं केलं, हिरवं केलं. खरेदीदार हसायला लागला.

"हा पंखा असा कुणी बसवला होता?" दिरेक्तेरनं विचारलं. सगळ्यांचे डोळे जिकडं जायचे तिकडं गेले.

"आणि तुम्ही याच्या कोण?"

"मो सो तांतिन," अनसूयाबाय म्हणाली. मी याची मावशी. "हा नाय म्हनतो ती."

वासुदेवचा चेहरा तेव्हा कसा झाला हे मी अजून कधी कधी आठवून बघते. मनाला बरं वाटतं. त्याला माल बांधायच्या गोदामात पाठवलं, तिथं तो दोन महिने टिकला. अनसूयाबायला प्रमुखाची खुर्ची मिळाली. तिनं ती नाकारली वगैरे काही नाही. ती खुर्चीत बसली, उंची नीट करून घेतली, आणि मला म्हणाली, "बरी हाय." तो पहिला दिवस आम्ही दोघींनी रोझ हिलच्या बाजारात दालपुरी खाऊन साजरा केला.

राधाबायनं तिच्याशी बोलणं टाकलं. त्या वर्षी गणपतीला बोलावलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. अनसूयाबाय दुपारी डबा मात्र पूर्वीएवढाच आणायची, आणि उरलेलं मला खायला लावायची.

तिला मी शेवटची नीट पाहिली ती माझं लग्न ठरून मी कारखाना सोडायच्या थोडी आधी. वासुदेव कायमचा फ्रान्सला चालला होता. हे तिला कुणी सांगितलं मला माहीत नाही. सकाळी येऊन म्हणाली, "चल माझ्यासंगं." आम्ही बसनं विमानतळाजवळच्या प्लेन मान्येन गावी उतरलो आणि तिथून चालत गेलो. आत सगळं गणगोत हारतुरे घेऊन जमलेलं. ती त्यांच्यात गेली नाही, एका खांबापाशी उभी राहिली. मी तिच्याजवळ. राधाबायनं आम्हांला पाहिलं आणि पाठ फिरवली.

वासुदेवनंही पाहिलं. बराच वेळ तो हार गळ्यात घालून घेत राहिला. मग एकदम गर्दीतून बाहेर पडून आमच्याकडे आला. पाया पडायला वाकला. अनसूयाबाय एक पाऊल मागं सरली आणि त्याचा हात फरशीला लागला. तो वाकलेलाच राहिला.

"मावशी, येतो," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली.

तो सरळ झाला. त्याच्यामागं पन्नास माणसं होती, मित्र होते, आई होती. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. डोळे भरलेले होते. मला वाटलं, आता बोलेल. तो वळला आणि चालू लागला. दारातून आत गेला तोवर ती बघत होती. हाक मारील असंही मला वाटलं. तिनं मारली नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. दोन्ही बाजूंना ऊस दाट वाढला होता. मला पहिल्यांदाच तिचा राग आला होता आणि तिच्यासाठी रडूही येत होतं, आणि यातलं आधी काय करावं ते कळत नव्हतं.

"तू ऐकलंस न्हवं?" ती एकदम म्हणाली.

"काय?"

"तो काय म्हनाला ते."

"ऐकलं."

"काय म्हनाला?"

"मावशी म्हणाला."

ती हातातला रुमाल गुंडाळत होती, सोडत होती.

"मोठ्यानं सांग," ती म्हणाली.

मी भर बसमध्ये मोठ्यानं म्हटलं, "मावशी म्हणाला!" पुढची माणसं वळून बघू लागली. अनसूयाबायनं मान हलवली, डोळे पुसले आणि कंडक्टरकडे दोन तिकिटं मागितली.